रुंदावलेलं हसू

प्रिय मोरादेके,

जीभ पुन्हा हिरडीच्या टाक्यांकडे गेली आणि मी ती मागे ओढली. माझ्या पुढच्या दातांमधली फट वाढत होती, तेव्हा सासूबाई बाजारभर मिरवायच्या, "बघा, बाळंतपणानंतर सुनेचं रूप कसं खुललंय!" मीही खूश होते; दातांत फट म्हणजे देखणेपण, हेच ऐकत आपण वाढलो. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे रूप नाही, अबेनी. हिरडीखालचं हाड झिजतंय, म्हणून दात फाकलेत." आज त्यांनी हिरडी उघडली, आत हाडाचा चुरा भरला, वर पातळ पडदा ठेवून शिवलं. नवं हाड धरेल का, ते कित्येक महिने कळणार नाही.

"दातांतली फट बुजेल?" मी विचारलं.

"आधी दात तर राहू देत! बहीण आहे का तुला? घराण्यात असतं हे."

तुझ्या साखरपुड्याचा फोटो समोर आहे. तुझ्याही दातांतली फट रुंदावली आहे. त्या हसण्यावरच तो भाळला, असं तू कौतुकाने कळवलंस. आता हे तुला कुठल्या तोंडाने लिहू?

तुझी बहीण,
अबेनी

सकाळी पत्र फाडलं आणि तिच्या गावाची, ओग्बोमोशोची बस धरली. मला दारात पाहून मोरादेके हसली. "तशीच हसत राहा," मी म्हणाले आणि तिला उजेडात नेलं.