छोट्या ड्रमचा ठेका

पंधरा ऑगस्टला मी शाळेत जाऊन भांडून आले, आणि ते भांडण तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही. माजी शिक्षिका म्हणून बोलावलं होतं. खुर्ची, शाल, नारळ, सगळं यथासांग. मुलींचं संचलन सुरू झालं, ड्रम ऐकू आला, म्हणून मी कौतुकानं मान वळवली, तर तो आवाज लिंबाच्या झाडाला बांधलेल्या भोंग्यातून येत होता. आपलं पथक पेनड्राइव्हवर! मध्येच लाईट गेली. सगळ्या पोरी एक पाय उचलून तशाच उभ्या, पुढचा टाकावा की मागचा ठेवावा ते कळेना. लोक हसले. मी हसले नाही. शाल खुर्चीवर ठेवली आणि मुख्याध्यापकांना गाठलं. तरुण गृहस्थ आहेत, बोलायला गोड. म्हणाले, ‘‘मॅडम, आता शिकवणार कोण? आणि तकलीफ कशाला? बटण दाबलं की होतंय.’’ मी म्हटलं, ‘‘बटण दाबून शाळाही चालते का बघा, म्हणजे तुम्हालाही घरी बसता येईल.’’

मग त्यांनी खेळाची खोली उघडून दाखवली. तुझा छोटा ड्रम उलटा पडलेला, आत बॅडमिंटनची मोडकी फुलं. माझ्या मोठ्या ड्रमवर धुळीनं भरलेल्या चटया. मुख्याध्यापक म्हणाले, ‘‘सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला पोरी तुमच्या तालावर चालवून दाखवा, ड्रम ठेवतो. नाहीतर दिवाळीच्या सफाईत भंगारवाला नेईल.’’ दाखवते, म्हणून मी तिथून बाहेर पडले. घरी येईपर्यंत छाती धडधडत होती. रागानं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

हैदराबादच्या कॉन्व्हेंटात सिस्टरनी मला मोठा ड्रम दिला, कारण माझ्या अंगात जोर होता आणि कानात काही नव्हतं. तू कुरुंद्याची, हळदीच्या पैशांवर शिकायला आलेली, इंग्रजीत ‘येस सिस्टर’पलीकडे शब्द नाही, पण काड्या हातात आल्या की सिस्टरसुद्धा गप्प. मोठा ड्रम छातीवर अडकवला की समोरचा रस्ता दिसत नाही, हे बँडबाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मी आंधळी चालायचे. तू डाव्या बाजूला. पुढे खड्डा असला की ड्रमच्या कडेवर एकदा काडी मारायचीस, शेण असलं की दोनदा. पुढे आपण दोघी हिंगोलीत एकाच शाळेत लागलो, तू खेळ शिकवणारी, मी इंग्रजी, आणि मुलींचं पथक उभं केलं. गावातून प्रभातफेरी निघाली की तुझी काडी कडेवरच जास्त वाजायची. मी एकदा लाइन सोडून गटाराकडे निघाले तेव्हा सगळ्या पोरींसमोर ओरडलीस, ‘‘अगं ए मॅडम, तिकडं काहून चालून राहिली? तिकडं काय माहेर हाय का तुझं?’’ पोरींना ते वर्षभर पुरलं.

सिस्टरच्या इंग्रजी मोजण्या तू इथे पहिल्याच दिवशी फेकून दिल्यास. वाक्यं दिलीस. ‘आई मला भाकर दे, भाकर दे, भाकर दे’ हे चालण्याचं. ‘गुरुजी आले, उठा गं’ हे वळण्याचं. आणि पहिलं पाऊल पडण्याआधी छोट्या ड्रमवर तुझी ती घरंगळत येणारी काड्यांची सर, शेवटी किंचित अडकणारी. त्या अडकण्यावरच सगळ्यांचा डावा पाय सुटायचा. तिला तू शब्द दिले नाहीस. ‘‘ते तोंडानं नसतं, हातानं असतं,’’ म्हणालीस. मी म्हटलं, लिहून ठेव. म्हणालीस, ‘‘दहावीच्या पोरी नववीच्यांना शिकवतील, नववीच्या आठवीच्यांना. कागद हरवतो गं, पोरगी हरवत न्हाई.’’

तू खरी ठरलीस बरीच वर्षं. नांदेडच्या दवाखान्यात तुझी बोटं सुजून गेली होती, त्याही वेळी म्हणालीस, ‘‘पोरींना सुट्टी देऊ नको, आलेच मी.’’ तू आली नाहीस. पथक चाललं. तुझ्या पोरींनी पुढच्या पोरींना शिकवलं, मी निवृत्त झाले तेव्हाही तुझी सर जशीच्या तशी वाजत होती. मग कोरोनात शाळा बंद पडली. दहावीच्या पोरी कुणाला काही न शिकवताच पास होऊन घरी बसल्या, नववीच्या त्यांच्या मागोमाग. शाळा उघडली तेव्हा ड्रम होते, पोरी होत्या, हात नव्हते. याचा कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. भोंगा आणला आणि झालं.

तर मी मोठ्या ड्रमचं चामडं उन्हात ठेवलं, छोट्याला नवं बसवून घेतलं आणि रोज सकाळी मैदानात जाऊ लागले. भाकर आणि गुरुजी पोरींना एका दिवसात आले. सर येईना. मी करून दाखवायला गेले की काड्या कौलावर गारा पडल्यासारख्या वाजायच्या. सर चुकली की पाय चुकायचे, अर्ध्या पोरी डावा टाकायच्या, अर्ध्या उजवा. मी पोरींवर ओरडले, गाढवं म्हणाले. जुन्या पोरींना फोन केले. शिरड शहापूरला दिलेली एक तुझी लाडकी, तिच्या घरी जाऊन बसले. स्टीलचं ताट पालथं घातलं तिच्यापुढे. तिनं दोनतीनदा हात टेकवले आणि पदरानं ताट पुसून ठेवून दिलं. ‘‘मॅडम, बाईंचा चेहरा दिसून राहिला, बाईंचा हात न्हाई आठवत.’’ चहा घेऊन परत आले. जीपमध्ये मोठ्यानं गाणी लागली होती. मी ड्रायव्हरला ती बंद करायला सांगितली आणि सगळ्या रस्त्याभर आठवत राहिले. काहीच आलं नाही.

तांड्यावरून येणारी एक उंच पोरगी छोटा ड्रम घेते. शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, ‘‘मॅडम, तुमी म्हणता ते तुमालाबी येऊन न्हाई राहिलं. आमच्या होळीचं लावू का?’’ मी म्हटलं, ‘‘हे संचलन आहे. तुमचा शिमगा नाही.’’ दुसऱ्या दिवशी ड्रम घेऊन हजर, तोंड फुगवून. आणखी दोन सकाळी मी तशाच वाया घालवल्या. मग म्हटलं, लाव बाई तुझी होळी.

काल मुक्तिसंग्राम दिनाला तेच वाजलं. आधी छोट्या ड्रमवर तांड्यावरच्या नगाऱ्याचा ठेका, जाड, ठोकून ठोकून वाजवलेला, तीन दणके आणि एक थांबणं, मग मोठा ड्रम, मग पाय. सगळे डावे. एकही पोरगी चुकली नाही. मुख्याध्यापक टाळ्या वाजवत माझ्याकडे आले, ‘‘मॅडम, मानलं तुम्हाला. ड्रम राहतील.’’ लोकांनी पुन्हा वाजवायला लावलं. त्या पोरीनं माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. तिनं आणखी जोरात वाजवलं.

ड्रम राहिले. आपल्या शाळेच्या मैदानात तुझं वाजवणं आता कधीही ऐकू येणार नाही, आणि त्या पोरीला होकार मी दिला. ती पोरगी पुढच्या वर्षी नववीच्यांना होळी शिकवेल, त्या आठवीच्यांना शिकवतील. तू असतीस तर तिच्या पाठीवर थाप मारली असतीस, हे मला ठाऊक आहे. मला थाप मारता आली नाही. ‘‘खांदे वाकवू नकोस,’’ एवढंच बोलले तिला.

मुख्याध्यापकांवर मी महिनाभर संतापले होते. बिचारे चार वर्षांपूर्वी या शाळेत आले, त्यांनी तुला पाहिलेलंसुद्धा नाही. तुझ्या उजव्या हाताशेजारून मी आयुष्यभर चालले आणि मला तुझी सर आठवत नाही. भोंगा ऐकला त्याच दिवशी ते कळलं होतं मला. छाती धडधडत होती ती त्यानं. हे पत्र कपाटात राहील. तुझा पत्ता असता तरी मी ते टाकलं नसतं. वाचून झाल्यावर तू पहिलं हेच म्हणाली असतीस, ‘‘वाजवून दाखव बरं.’’