दहातला पाचवा दिवस

यवत, ९ जानेवारी १९७५
चंप्या कुंदाला चावला. सहा वर्षांत पहिल्यांदा. ती नुसती त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होती म्हणे. मनगटावर दातांच्या दोन खुणा, रक्त थोडंच. शेजारच्या बायका तिखट घेऊन धावल्या, जखमेत भरा म्हणून. मी साबणानं धुतलं. दवाखान्यातले डॉ. म्हणाले, "कुत्रं घरचंय ना? बांधून ठेवा. दहा दिवस नीट राहिलं तर सुया नकोत. काही वेगळं दिसलं की त्याच दिवशी या." सुया म्हणजे बेंबीभोवती चौदा. पोरगी नऊ वर्षांची, पोट ते केवढं.

१० जाने.
गोठ्याच्या खांबाला साखळी. पाणी प्यायला. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला तोंड लावत नाही म्हणतात. शाळेत वर्गावर जायला उशीर झाला तरी भांडं रिकामं होईस्तोवर हलले नाही. हेडमास्तरांची बोलणी खाल्ली.

१२ जाने.
भाकरी हुंगून सोडली. मान एका अंगाला कलती करून बसून राहतो, हाक मारली तर बघत नाही. शेजारचे आप्पा कुंपणाशी येऊन उभे. मागच्या साली त्यांची कालवड पिसाळलेलं कुत्रं चावून गेली. "बाई, नजर बघा त्याची. बरी न्हाई." हे पाटसहून पाळी करून आले, कारखान्यात गळीत चालू, रजा नाही. म्हणाले, "धा म्हंजी धा. तवर कुनी हात लावायचा न्हाई त्याला." बरं वाटलं. तरी कुंदाला अंगणात जाऊ देत नाही.

१३ जाने.
कुंदा दारात आली मात्र, चंप्यानं असा हिसका दिला की खांब हलला. भुंकणं नाही, घशातून भलताच आवाज. तोंडाला फेस. मी किंचाळले. आप्पा आणि चारपाच जण काठ्या घेऊन आले. "तुमी निस्तं व्हय म्हना, बाई." हे पाळीवर. पाचवाच दिवस, मला ठाऊक होतं. हो म्हटलं. कुंदाला आत नेलं, दार लावलं, तिचे कान दाबून धरले. माझे उघडेच होते.
संध्याकाळी ह्यांनी ओढ्याकाठी पुरला.

१४ जाने.
डॉ. भडकले. "मारलात कशाला? आता कशावरनं ठरवायचं?" चिठ्ठी देऊन दौंडला पाठवलं. पहिली सुई. आता रोज एसटीनं जायचं. संक्रांत आज. आप्पा तिळगूळ देऊन गेले. घेतला.

१७ जाने.
चौथी सुई. ह्यांनी आज तोंड उघडलं. "पुरताना कान बघितला त्याचा. आत समदा पू. किडं व्हतं. पोरीचा हात लागला आन् कळ आली आसंल." मग तो फेस? साखळीनं गळा आवळला तर येतो, हे म्हणाले. येत असेल?
तो पिसाळलेला नसावा, एवढंच मागते मी उठता-बसता. नसला तर कुंदा वाचली. आणि नसला तर मी… सहा वर्षं माझ्या ताटातलं खाल्लं त्यानं. शाळा सुटली की रस्त्यापर्यंत घ्यायला यायचा. आज तिथवर आले आणि तो दिसतोय का बघितलं.

२७ जाने.
चौदावी. संपल्या. पोट दगडासारखं झालंय. डॉ. म्हणाले, "बहुतेक काही व्हायचं नाही. तरी तीन महिने लक्ष असू द्या. ताप, चिडचिड, चावलेल्या जागी मुंग्या…" पुढचं मी ऐकलं नाही.

२ फेब्रु.
दुपारी कुंदानं विचारलं, "आई, चंप्या पिसाळला व्हता का?"
हो म्हणावं तर पोर आजपासून स्वतःच्या मरणाची वाट बघत बसणार.
"नव्हता गं. कान दुखत होता त्याचा."
"मग तू आप्पांना हो का म्हणलीस?"
म्हणजे तेवढं तिनं ऐकलं होतं. ती उठून ह्यांच्याजवळ जाऊन बसली. जेवलीही तिथंच, दोन घास.
आता हे म्हणताहेत, कपाळ जरा गरम लागतंय. मला ती हात लावू देत नाही.