हात वर करा

गुरुजी, तुम्ही मला वर्गासमोर एकदाच उभं केलंत, पण ते इतकं नीट केलंत की मी अजून खाली बसलेलो नाही. तात्यापारा मोहल्ल्यातली तुमची संस्कृतची शिकवणी, भिंतीला टेकलेली पोरं, आणि शब्दरूपांच्या वहीत मागच्या पानांवर लिहिलेली माझी कथा तुमच्या हाती लागलेली. तुम्ही ती मला मोठ्यानं वाचायला लावता. अर्ध्यावर थांबवता. "पुढे कोणाला ऐकायचं आहे? हात वर करा." एकही हात वर येत नाही. "श्रोताच नाही, तर वक्ता कशाला? बैस." मग तुम्ही तपकिरीची चिमूट ओढता आणि रूपं पुढे चालू होतात.

सूड म्हणून मी पुस्तकं लिहिली. लिहिल्यावर कळलं की श्रोते वेगळे जमवावे लागतात. हल्ली लेखक वाचकांचे ईमेलचे पत्ते जमवतो आणि त्यांना नेमानं पत्र धाडतो. मी घाईत मंडळाच्या गणपतीची वर्गणी देणाऱ्या सगळ्यांचे पत्ते उचलले. सिलतऱ्याच्या कारखान्यातून एकाचं उत्तर आलं, "भाऊ, वर्गणी तं देऊन टाकली, आता काहून त्रास देऊन राहिले?" बायको हसून हसून थकली. म्हणाली, "न विचारता लोकांच्या घरात घुसून कथा ऐकवून राहिले तुम्ही. आधी विचारा तं खरं!" ती यादी पुसली. नव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलं, दर रविवारी पत्र हवं असेल तर कळवा. माणसं एकेक करून आली. आता वर्षातून एकदा विचारतो, "अजून ऐकायचंय?" जे गप्प राहतात, त्यांचा पत्ता काढून टाकतो. पद्धत तुमचीच आहे, गुरुजी. दक्षिणा देत नाही, एवढंच.

मग या माणसांसमोर मी तुम्हाला उभं केलं. नाव न घेता, तेवढी सभ्यता तुमच्याच शिकवणीची. तुमची तपकीर, सायकलच्या साखळीत अडकलेलं धोतर आणि त्यावर तुमचं तुम्हालाच आलेलं हसू, सगळं काढलं. लोकांनी तुम्हाला हसावं म्हणून. हसले की! पण उत्तरं काय आली? "गुरुजींचं अजून लिहा." माझ्या नव्या कादंबरीबद्दल लिहिलं, तेव्हा सगळे चिडीचूप. मेल्यावरही श्रोते तुम्हीच पळवलेत. म्हणून या रविवारसाठी तो हात वर करण्याचा प्रसंग लिहून ठेवला. तो वाचून तुमच्यावर कोणी माया करणार नाही, याची तजवीज वाक्यावाक्यात आहे.

आणि काल एका वाचक मुलीचं उत्तर आलं. भनपुरीत राहते. मराठी समजतं, लिहिते हिंदीत. "सर, ये मेरे नानाजी हैं न? धोती वाली बात से माँ पहचान गईं. घर में सब उन्हें ग़ुस्सैल ही बताते हैं. आपकी चिट्ठी में पहली बार हँसते दिखे. अगले इतवार भी आएँगे न?"

ते हसू मी पुढचा घाव नीट बसावा म्हणून घातलं होतं.

बायकोला दाखवलं. "मंग? तो हात वर करायचा प्रसंग पाठवता काय आता?"

"विचार करून राहिलो."

"हव," ती म्हणाली, "म्हणजे नाही पाठवत."

तर रविवारी पुन्हा तुमची तपकीर जाईल, आणि तुमची नात हसेल. गैरसमज नको, माफ केलेलं नाही. फक्त तिनं आपणहून वर केलेला हात खाली पाडायला मी काही तुम्ही नाही. तो प्रसंग आणि हे पत्र, दोन्ही इथेच राहतील.

आता कोणी ऐकत नाहीये, म्हणून एक सांगतो. त्या कथेत पुढे काय होणार, ते मलाच ठाऊक नव्हतं. तुम्ही विचारलंत, तेव्हा हात मीही वर केला नव्हता.