छापील जबडा

३ जाने., धुळे
जबडा आला. नाशिकहून थ्रीडी छापून. पांढरा, हलका, खेळण्यातला वाटावा असा. सीटी स्कॅनवरून काढलेला, माझाच, जसाच्या तसा. डावीकडे दाढांखाली गाठीने हाड पोखरलंय, तिथे नुसती जाळी. आतून लाल रंगाची दोरी गेलीय. ती नस. बरोबर गाठीच्या मधून.
डॉक्टरबाईंनी त्याच्यावर पेनने रेघा मारल्या. एवढं हाड काढलं तर गाठ सहसा परत येत नाही, पण नस जाते, खालचा ओठ डावीकडे बधिर. नुसती खरवडली तर नस कदाचित वाचेल, गाठ परत येऊ शकते.
विचारलं, ओठ हलेल का?
"हलेल. कळणार नाही."
सांगितलं की बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. त्यांनी पेनला टोपण लावलं. म्हणाल्या, मॉडेल घरी न्या, सगळे मिळून विचार करा.
मला काहीच वाटलं नाही. रिक्षावाल्याशी नेहमीसारखी घासाघीस केली.

४ जाने.
रेखाने जबडा टीव्हीपाशी ठेवू दिला नाही. कपाटात, साड्यांमागे. पिंकी शाळेतून आली की काढून बघते. "पप्पा, तुमची एक दाढ वाकडी आहे." आहेच.
रेखाचं एकच. काढून टाका. "आम्हाला तुम्ही पाहिजे, बाजा नको." बायको म्हणून बरोबरच आहे तिचं. तरी जेवण गेलं नाही.

६ जाने.
सोनगीरहून वडील, आबा आले. वाजवायला त्यांनीच शिकवलं. चष्मा लावून जबडा फिरवून फिरवून बघितला. मग खालच्या पुढच्या दातांवर अंगठा आडवा ठेवला, आपण ओठ दुमडून क्लॅरोनेटची पाती, रीड, टेकवतो तिथे.
"बठ्ठं हाडूकच शे. व्हट कोठे शे?"
म्हटलं, आबा, सगळं हाडच, ओठ छापत नाहीत.
त्यांनी जबडा खाली ठेवला. चहा घेतला, बाहेर जाऊन बसले.

९ जाने., जळगाव
दुसरं मत. जबडा पिंकीच्या डब्याच्या पिशवीत, बसमध्ये मांडीवर. शेजारच्या सीटवरच्या अक्कांनी विचारलं काय नेतोस, भांडं म्हणालो. डॉक्टर वयाने तरुण. आधी मॉडेलचंच कौतुक. मत तेच. पुढचे दात राहतील तुमचे, म्हणाला.
म्हणजे वाजवता येईल?
"ते मला कसं सांगता येईल?"
खरं बोलला. राग आला नाही. यायला हवा होता.

१६ जाने.
डॉक्टरबाईंनी विचारलं काय ठरलं. कापा, म्हणालो. ठरवलं कधी, माहीत नाही. रेखा बाहेर जाऊन रडली.
बाईंनी माझ्यासमोरच हाडाच्या जागी बसवायची धातूची पट्टी त्या जबड्यावर धरून पकडीने वाकवली. थोडी, परत थोडी, नीट बसेपर्यंत. आधीच वाकवून ठेवली की ऑप.मध्ये वेळ वाचतो, चेहरा पहिल्यासारखा राहतो. मी बघत होतो. दुसऱ्या कुणाचं तरी चाललंय असं वाटत होतं.

५ फेब्रु.
घरी. पट्टी बिनचूक बसली. चेहरा खरंच तसाच. शेजारी म्हणतात काही झालंय असं वाटतच नाही.
वरण हनुवटीवरून ओघळतं. पिंकी खूण करते तेव्हा कळतं.
जबडा बाईंनी ठेवून घेतला, शिकणाऱ्या मुलांना दाखवायला. चालेल ना, विचारलं. चालेल म्हणालो.

११ मार्च
बँडमास्तरांचा फोन. जयंतीच्या मिरवणुकीत पुढे कोण? दरवर्षी मी असतो. "यंदा झांज धर," म्हणाले. प्रेमानेच म्हणाले. बघतो म्हणालो. 

१७ मार्च
बाईंनी हळूहळू वाजवून बघा म्हटलंय. आबा आलेत, बाहेर ओट्यावर बसले होते. मी दार लावून क्लॅरोनेट काढलं. आरशासमोर उभा राहिलो, ओठ दुमडला की नाही हे बघावंच लागतं. डावीकडून हवा जाते. तरी सूर निघाला. घाबरलो. आबांनी लहानपणी शिकवलेली चाल शेवटपर्यंत वाजवली. खूश होतो, खोटं कशाला.
बाहेरून आबांचा आवाज.
"रेखा, कोन वाजाडी ऱ्हायना वं?"
कोण वाजवतंय, म्हणे. मी रीड ओली केली आणि परत पहिल्यापासून धरलं.