अडीच इंच लांब

३ फेब्रुवारी, मंगळवार

पायपुसणं फेकून दिलं. थेट कचऱ्याच्या डब्यात! सूनबाईंनी हौसेनं आणलेलं, मऊ, जांभळं. त्याच्यापायीच शनिवारी बाथरूमच्या दारात आडवी झाले.

हाड मोडलं नाही, मनगट तेवढं मुरगळलं. पण सकाळी साडेसातला पडले ती अकरापर्यंत तशीच. मी फोन उचलत नाही म्हणून लेक ऑफिसातून उठून आला तेव्हा सुटका झाली. साडेतीन तास कपाटाखालचा कचरा बघत होते. हाक मारायची लाज वाटली आणि उठता येईना. शहात्तर वर्षांची मी, पन्नास वर्षं पायानं शिलाई मशीन चालवलं, आणि दोन पाय जमिनीवरून उचलता येईनात! रडू आलं. दुखलं म्हणून नाही, रागानं.

दवाखान्यातून परतल्यावर लेक जिन्यात बोलला. “आई, आणखी एकदा पडलीस की हे घर बंद. मग वाद घालायचा नाही.”

त्यांचं घर चांगलं आहे. लिफ्ट आहे, उजेड आहे, सूनबाई वाईट नाहीत. पण तिथे माझं मशीन नेता येणार नाही, फरशीवर चरे पडतात म्हणे. म्हणजे मी दिवसभर करू काय? एका खोलीत टीव्हीसमोर ठेवलेली आई. नको रे बाबा. मला माझी खिडकी, माझं मशीन आणि दारावर टकटक करणारी गिऱ्हाइकं हवीत.

४ फेब्रुवारी, बुधवार

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली आहे. वाचनालयामागच्या हॉलमध्ये दर मंगळवारी म्हाताऱ्यांसाठी तोल सांभाळायचा वर्ग असतो. आठ आठवडे, शेवटी परीक्षा. लेक म्हणाला, जायचंच. मी म्हटलं, जाते, पण पास झाले तर घर बंद करायची भाषा बंद. तो हसला. हसला म्हणजे कबूल, असं मी धरून चालले आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

हॉलच्या उंबऱ्यावर पत्र्याची पट्टी ठोकलेली. माझ्या डोळ्यांदेखत दोघं अडखळले. न पडायचं शिकवणारा वर्ग आणि दारातच पाडायची सोय!

आम्ही नऊ जण. शिकवणारी बाई तिशीची, टवटवीत, सगळ्यांना आजी-आजोबा म्हणत होती. मी म्हटलं, मला काकू म्हण, आजी म्हणायला नातवंडं आहेत. ती लगेच काकूवर आली. मुलगी बरी आहे.

खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. मला एकवीस सेकंद लागली. बारा लागायला हवीत म्हणे. नऊ सेकंदांनी नापास.

मग तिनं विचारलं, गेल्या सहा महिन्यांत कोण कोण पडलं? एकही हात वर नाही. माझ्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन बसले होते. कोपराला ही एवढी खपली! मी बघतेय असं दिसल्यावर म्हणाले, दाढी करताना लागलं. मीही काय सांगते मोठी, मी केस सारखे करायच्या निमित्तानं हात अर्धा उचलला आणि खाली घेतला. सगळ्यांच्या घरी लेकाची किंवा लेकीची अट असणार. पडलं की हलवलं. मग कोण कबूल करतंय!

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा पडले. बेल वाजली म्हणून लगबगीनं निघाले आणि पायात काहीतरी आलं. कॉटची कड हाताला लागली म्हणून अर्धीच पडले. गुडघा निळा झालाय. पायपुसणं तर कधीच गेलं, मग पायात आलं काय?

लेकाला सांगणार नाही. वहीला सांगितलं तेवढं पुरे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज पडल्यावर उठायचं कसं ते शिकवलं. बाई स्वतः चटईवर आडवी झाली. आधी धडपडायचं नाही, कुठे लागलंय का ते पडल्या पडल्याच बघायचं. फार दुखत असेल तर हलायचंच नाही, हाका मारायच्या, लाज घरात ठेवायची. दुखत नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर यायचं, मग हात-गुडघ्यांवर. तसंच रांगत भक्कम खुर्चीपाशी जायचं. दोन्ही हात खुर्चीवर, एक पाऊल पुढे रोवायचं, जोर लावायचा, वळून बसायचं. आणि बसून राहायचं, लगेच कामाला धावायचं नाही.

ऐकायला सोपं आहे. मी कोपरापर्यंत आले आणि अडकले. पोस्टमन गुडघ्यांपर्यंत गेले आणि तिथून सगळ्यांकडे विजयी नजरेनं बघत बसले, कारण पुढे त्यांनाही येईना.

बाई म्हणाली, “घाई नको काकू. जमीन कुठे पळून जात नाही.” मला हसू आलं, आणि हसताना कोपरावरून पुन्हा खाली गेले.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

हे नीट लिहायला हवं.

चटईवर पालथी पडले होते, गुडघे गोळा करत. मान वळवली तर समोर आठ जणांचे पाय. आणि माझ्यातली शिंपीण जागी झाली. पोस्टमनच्या पॅन्टच्या कडा टाचेशी झिजून दोरे लोंबत होते. त्यांच्या पलीकडच्याची पॅन्ट पार चपलेखाली दुमडलेली. बायकांचे परकर, गाऊन, सगळं जमिनीला टेकलेलं. एकजण नाही की ज्याचा कपडा मापात आहे! मी मनात म्हटलं, यांचा शिंपी कोण गाढव आहे?

मग स्वतःकडे बघितलं. माझा गाऊन माझ्याच गुडघ्याखाली सापडला होता. म्हणूनच उठता येत नव्हतं!

टेप माझ्या पिशवीत असतेच. बाईला म्हटलं, जरा माप घे. खांद्यापासून घोट्यापर्यंत साडेसत्तेचाळीस. पोस्टमनना म्हटलं, परत घ्या, हिला जमलं नाही. त्यांनीही घेतलं, साडेसत्तेचाळीसच. मी माझे गाऊन पन्नास इंचांच्या कागदी साच्यावरून कापते. तो कागद साठीत कापलेला. सोळा वर्षं त्याच कागदावरून कापतेय. मी अडीच इंच आखूड झाले आणि मला पत्ता नाही!

बाई म्हणाली, वय झालं की माणूस थोडा बुटका होतोच, मणके दबतात. इतकं साधं. पोरांचे कपडे शिवताना मी वाढीव दुमड ठेवायची, कारण पोरं वाढतात. म्हातारी माणसं कमी होतात, हे मात्र डोक्यात आलं नाही. सगळ्या गल्लीची मापं पाठ आहेत मला. स्वतःचं माप तेवढं घेतलं नाही.

२५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळपासून सहा गाऊन उसवले. सहाच्या सहा आखूड करून, दुमड हातानं शिवून झाली. आरशासमोर उभी राहिले तर घोटे दिसले! कितीतरी वर्षांनी भेट झाली त्यांची.

दुपारी सूनबाईंना फोन केला. पायपुसण्याची माफी मागायची होती. मी म्हटलं, दोष त्याचा नव्हता, माझ्या शिलाईचा होता, पायपुसणं नसतानाही मी गुरुवारी—

जीभ चावली, पण उशीर झाला होता.

म्हटलं, संपलं, आता संध्याकाळी लेक बॅगा घेऊन दारात. मग सूनबाई म्हणाल्या, “अहो आई, तुमच्याकडे रेंज फार खराब आहे. गुरुवारनंतरचं मला काहीच ऐकू आलं नाही.” आणि हळूच विचारलं, “लागलं नाही ना फार?”

गुणाची आहे पोर. इतकी वर्षं मी तिला नुसतीच ‘वाईट नाही’ म्हणत होते.

३ मार्च, मंगळवार

वर्ग सुरू व्हायच्या आधी उभी राहिले. म्हटलं, मागे बाईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मी दोनदा पडलेय, आणि कशामुळे ते मला आता कळलंय. सगळी हकिगत सांगितली, गाऊन उचलून घोटेही दाखवले.

मग हळूहळू एक हात वर आला. दुसरा आला. शेवटी नवांपैकी सात! पोस्टमननी हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. म्हणाले, “दाढी करताना नाही लागलं. टपाल पेटीत टाकायला गेलो आणि फुटपाथवर पडलो. चाळीस वर्षं मी टपाल वाटलं हो.” कोणी हसलं नाही. मग तेच हसले आणि आम्हीही.

प्रत्येकाचं माप घेतलं. प्रत्येकजण बुटका झालेला! एक इंच, दोन, पोस्टमन तर पावणेतीन. म्हटलं, घरातल्या सगळ्या पॅन्टी, परकर, गाऊन पुढच्या वेळी घेऊन या.

१० मार्च, मंगळवार

आणले! गाठोडीच्या गाठोडी. हॉलच्या कोपऱ्यात नुसता डोंगर. एकेकाला स्टुलावर नाही, जमिनीवरच उभं केलं आणि टाचण्या लावल्या. बाई म्हणाली, व्यायाम कधी करायचा? मी म्हटलं, एका पायावर उभं राहून माप देऊ दे त्यांना. ती खरंच तसं करायला लागली!

१४ मार्च, शनिवार

बत्तीस पॅन्टी, अठरा गाऊन, अकरा परकर. चार दिवसांत. मशीन तापलं, मी नाही.

१७ मार्च, मंगळवार

उठले!!

चटईवरून, कोणाचा हात न धरता. कोपर, गुडघे, खुर्ची, पाऊल आणि वर! टाळ्या पडल्या. पोस्टमननी शिट्टी वाजवली, या वयात. मी खुर्चीत बसून सगळ्यांकडे बघत होते आणि डोळे भरून वाहत होते. पुसलेही नाहीत.

२४ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या गोळ्या मागवून तपासल्या. झोपेची गोळी हळूहळू कमी करायची आहे, तिनं सकाळी गरगरायचं. सुतारानं बाथरूममध्ये दांडा बसवला. टॉवेल टाकायला छान झाला म्हणाला. मी म्हटलं, याला टॉवेल लागला तर तुला परत बोलावीन, हा माणसानं धरायचा आहे.

उंबऱ्यावरच्या पत्र्याच्या पट्टीसाठी वाचनालयाच्या चिटणिसांना तिसऱ्यांदा भेटले. बघतो म्हणाले. मी म्हटलं, बघू नका, खाली उतरून एकदा ओलांडून दाखवा. ते उतरले. अडखळले. पट्टी आजच निघाली.

३१ मार्च, मंगळवार

परीक्षा. लेक रजा घेऊन आला होता, हाताची घडी घालून भिंतीपाशी उभा.

तीन मीटर, वळण, परत. अकरा सेकंद! मग चटईवर आडवी झाले आणि उठले, पावणेदोन मिनिटं. लेकानं स्वतःच्या घड्याळात मोजली, त्याचा बाईवरही भरवसा नाही. पोस्टमननी त्याला म्हटलं, साहेब, तुम्ही येऊन बघा की. तो बूट काढून चटईवर आडवा झाला. उठताना असा काही कण्हला की सगळा हॉल हसला! एकावन्न वर्षांचा माझा लेक, लाल होऊन खुर्चीला धरून उभा. बाईनं त्याचं नाव पुढच्या वर्गात लिहू का विचारलं.

गाडीत म्हणाला, “मानलं तुला.” मी फुलून गेले. पण माझ्या दाराशी उतरवताना म्हणाला, “पास झालीस हे खरं. तरी अट तीच आहे आई. पडलीस की आमच्याकडे.”

आनंद झालाय, फार झालाय. पण हे बोलला नसता तर पोटभर झाला असता.

७ एप्रिल, मंगळवार

नवीन वर्ग सुरू. बाईनं मला दाराशी खुर्ची दिली आहे. आत येणाऱ्यानं आधी माझ्यापाशी थांबायचं, माप द्यायचं. मग व्यायाम. पोस्टमन टाचण्यांची डबी धरून शेजारी उभे, स्वतःची पॅन्ट मापात असल्यामुळे भलतेच ऐटीत. अकराच्या अकरा नवीन लोक बुटके झालेले निघाले. बाई म्हणाली, दुसऱ्या दवाखान्याची माणसं बघायला येणार आहेत. मी म्हटलं, येऊ देत, त्यांचीही मापं घेते.

कोण पडलं, विचारल्यावर पहिल्याच दिवशी सहा हात वर आले. ही सगळ्यात मोठी कमाई.

१५ एप्रिल, बुधवार

सकाळी सव्वासातला पडले. गाऊन आखूड, फरशी कोरडी, उजेड भरपूर. नुसता तोल गेला.

पडल्या पडल्याच बघितलं, कुठे दुखत नव्हतं. कुशीवर, कोपर, गुडघे, खुर्ची. चार मिनिटं लागली. मग बराच वेळ फोनकडे बघत बसले. लावला. म्हटलं, पडले रे.

लेकानं विचारलं, “उठलीस?”

म्हटलं, उठले.

“बरं. चहा घे आणि जरा बस. संध्याकाळी येतो. न्यायला नाही, नुसता येतो.”