दादाची झारी

४ फेब्रुवारी
ती. दादास,
सा. न. वि. वि.
दवाखान्यात खिडकीजवळची खाट मिळाली आहे, लेक सोबतीला आहे. माझी काळजी सोड, अंगणातल्या तीन वाफ्यांची कर. त्या रानफुलांचं बी टेकडीवर खाण सुरू व्हायच्या आधी मी वेचून आणलेलं. आता टेकडीच उरली नाही, म्हणजे ही जात फक्त आपल्या अंगणात. पंधरा दिवसांतून एकदा तांब्याभर पाणी, बस्स. रोपं मलूल दिसली तरी हात आखडता घे. जन्मभर नळांना पाणी सोडायची नोकरी केलीस, ती सवय माझ्या अंगणात नको. फुलं बघायला मी घरी येणारच.
लोभ असू दे, पण बेताचा.
तुझी धाकटी

२६ फेब्रुवारी
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.
तुझं जेवण तुटल्याचं लेकीने कळवलं. डॉक्टर काय म्हणाले ते मात्र ती सांगत नाही.
इथे रोपं माना टाकून उभी होती. मला राहवलं नाही. चाळीस वर्षं रिकाम्या हंड्यांच्या शिव्या खाल्ल्या, तहानलेलं काही बघवत नाही. रोज सकाळी झारीने पाणी घातलं, माझ्या आंघोळीचं वाचवून. आठवडाभर तरारली. मग बुंध्याशी काळी पडून आडवी झाली. उपटून पाहिलं तर मुळं कुजलेली. तिन्ही वाफे गेले गं. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.
राग धर, पण उत्तर पाठव.
दादा

५ मार्च
ती. दादास,
सा. न. वि. वि.
उठून बसवत नाही, म्हणून लेक लिहून घेते आहे. खूप रडले. तुला बरंच काही बोलले, ते तिने लिहिलेलं नाही. तुझ्यापेक्षा दुष्काळ परवडला! पण ऐक. हे बी सगळं एका वर्षात उगवत नाही, निम्मं मातीत दडून राहतं. वाफे खणू नकोस, सुकू दे. पुढच्या वर्षी नवी रोपं येतील. तेव्हा ओरडायला मी नसेन, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं आहे. म्हणून आत्ताच ओरडून ठेवते, झारी उचलायची नाही.
मायेपोटीच घातलंस, हे मला कळतं.
तुझी धाकटी

पुढच्या वर्षीचा १८ मार्च
चि. भाचीस,
आशीर्वाद.
तुझ्या आईच्या वाफ्यांत सतरा रोपं आली. दुपारी माना टाकतात, संध्याकाळी आपली आपण उभी राहतात. मी नुसता बघत बसतो. झारी शेजारणीकडे ठेवायला दिली आहे.
काल पहिलं फूल उमललं, जांभळं. मला आवरेना. पण वाफ्याजवळ नाही, लांब पायरीवर जाऊन रडलो.
एकदा येऊन बघून जा.
मामा