सासूबाईंची साखर, उणे दहा

३ जानेवारी
औषधाच्या दुकानात काम करणारा माझा मामा फार वर्षांपूर्वी म्हणाला होता, तरुण रक्त साखर जाळून टाकतं. मी त्रेचाळीसची, सासूबाई चौऱ्याहत्तरच्या. मधुमेह दोघींना. घाबरायचं त्यांनी.
संकल्प: सोमवारपासून चालणे.

९ जानेवारी, सकाळ
सासूबाईंनी बोट टोचून पाहिलं. १२८. मला सुई बघवत नाही. पण दोघी एकाच पातेल्यातलं जेवतो, माझी साखर वेगळी कशी असेल? शिवाय वयाची सूट, दहा. म्हणजे माझी ११८. उत्तम.
सोमवारी बूट ओले होते.

२० फेब्रुवारी
ड्रायक्लीनिंगच्या दुकानात रफू करायला मी बसते, इतकी वर्षं नाव ठेवायला जागा नाही. आज काळ्या कोटाला निळ्या धाग्याने रफू झाली. गिऱ्हाईक म्हणालं, बाई, कोटाला खिडकी काढलीत. हल्ली धागेच फसवे. मालकांना बल्ब बदलायला लावला. नवाही तसाच मिणमिणता निघाला.

१ मार्च
घरात कुणी नसताना उजवा डोळा झाकून कॅलेंडर पाहिलं. पुन्हा पाहणार नाही.

६ मार्च
डोळ्यांपुढे काळं जाळं. सासूबाईंना म्हटलं, छताला जळमटं फार झालीत. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. माझं बोट धरलं आणि टोचलं. ३१२. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. त्यांनी स्वतःचं बोट टोचलं. १२६.

७ मार्च
वयामुळे दहाची सूट मिळते ना, असं डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सासूबाईंना सत्तरीत झाला, तुम्हाला पस्तिशीत. लवकर आलेला बहुतेकदा जास्त हट्टी असतो. शिवाय डोळे, मूत्रपिंडं, पाय पोखरायला त्याला वर्षंही जास्त मिळतात. माझ्या डाव्या डोळ्यात, पडद्यावर, रक्त उतरलंय. इंजेक्शन द्यायचं.
डोळ्यात.
मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. सासूबाई म्हणाल्या, इतके दिवस माझे आकडे फुकट वापरलेस, आता मुकाट्याने चल.

११ मार्च, दवाखान्यात
बाकावर बसून लिहितेय. ओळ खाली उतरत चालली आहे. डोळ्यात औषधाचे थेंब घातलेत, म्हणून असेल. नसेलही. दुसरा डोळाही गेला तर सुईत दोरा कोण ओवून देणार? सासूबाई म्हणतात, मी ओवून देईन. चौऱ्याहत्तराव्या वर्षी.
आता नाव पुकारतील. नर्सबाईंना विचारणार आहे, माझा हात धरायला सासूबाईंना आत सोडाल का? दारावर पाटी आहे, रुग्णाखेरीज कोणालाही प्रवेश नाही. अक्षरं मोठी आहेत, मला वाचता आली. तरी विचारते.